भिंतीतून जाणारा विस्तव

सून फोनवर बोलत होती. तिच्या ऑफिसातल्या दोन बायकांचं काहीतरी बिनसलं होतं. ही फोन मान आणि खांद्याच्या मधे दाबून कणीक मळत होती आणि कुणाला तरी सांगत होती, "अगं, त्या दोघींत आता विस्तव जात नाही!"

मी मेथी निवडत बसले होते. माझा हात थांबला. खरं सांगते, मला रागच आला. त्या बायका माझ्या कोण लागतात? कुणी नाही. पण इतका मोठा शब्द फुटाण्यासारखा तोंडात टाकायचा, चावायचा आणि मोकळं व्हायचं, हे काही मला सहन झालं नाही. तिनं फोन ठेवल्यावर मी विचारलं, "अगं ए, विस्तव बघितलायस का कधी?"

"अहो आई, म्हणायची पद्धत असते ती."

"कुठून आली पद्धत?"

"आता ते मला काय माहीत!" ती हसली. "तुम्हीच सांगा. तुमच्या खानदेशात प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी असतंच."

सून नाशिकची. धुळ्यात संसार करते, पोरं इथं झाली, तरी खानदेश अजून 'तुमचा'च. असो. मी मेथीत डोकं घातलं. पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं, आणि ती मुकाट्यानं खाल्ली बिचारीनं.

भाषा जाणणाऱ्यांना विचाराल तर ते या बोलण्याचं जे काही मूळ सांगायचं ते सांगतील. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. माझ्यापुरतं मला ठाऊक आहे. माझ्यासाठी ते बोलणं एका भिंतीतून आलं. धरणगावकडच्या आमच्या खेड्यात, आमचं घर आणि शेजारचं घर यांच्यामधे जी एकच मातीची भिंत होती, तिच्यातून.

धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं होती ती, पाठीला पाठ लावून उभी असल्यासारखी. आमची चूल भिंतीच्या या अंगाला, शेजारच्यांची त्या अंगाला. मधे एक कोनाडा होता, तो आरपार होता. कुणी मुद्दाम पाडला होता की उंदरांनी सुरुवात करून दिली होती, देव जाणे. त्या कोनाड्यातून माणूस दिसायचा नाही, फक्त हात दिसायचा. शेजारच्या बाईंना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. लहानपणी माझ्या लेखी अक्का म्हणजे बांगड्या भरलेला, गोंदलेला एक हात होता.

सकाळी जी आधी उठेल तिनं चूल पेटवायची. म्हणजे पेटवायची असंही नाही. रात्री राखेत पुरून ठेवलेला विस्तव उकरायचा, त्यावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाच्या काड्या ठेवायच्या आणि फुंकायचं. एखाद्या दिवशी विस्तव राखेतच मरून जायचा. मग आई गोवरीचा तुकडा हातात घेऊन कोनाड्यापाशी जायची आणि हाक मारायची, "इस्तो शे का वं अक्का?" आमच्याकडे विस्तवाला इस्तोच म्हणतात.

"शे ना! पोरले धाड!"

पोर म्हणजे मी. खरं तर धाडायची गरजच नव्हती, हात लांब केला की झालं. पण अक्काची धाकटी मुलगी माझ्याच वयाची, आणि विस्तव देणं-घेणं हे आम्हा दोघींचं काम ठरून गेलेलं. ती तिकडून गोवरीवर लाल खडा ठेवून हात पुढे करायची, मी इकडून घ्यायची. ती फुंकण्यात पटाईत होती. मी फुंकलं की राख डोळ्यांत. ती पलीकडून खिदळायची आणि म्हणायची, "येडी, इस्तोले फुंकस का कंदिलले?" मी चिडून कोनाड्यातून तिचा हात ओढायची. घरात काड्यापेटी नव्हती असं नाही. देव्हाऱ्याजवळ असायची. पण ती देवापुढच्या दिव्यासाठी. शेजारी विस्तव असताना चुलीला काडी ओढणं म्हणजे आई म्हणायची तसं, "घरात कुणी नाही असं झालं."

या चुलीनं आमच्या बोलण्याला किती दिलंय! भाऊ वेगळे निघाले की चूल वेगळी झाली. नवी सून आली, हिनं चूल मांडली. आणि राग आला की, चुलीत जा. माझा तर हा शेवटचा फारच आवडता. आजही टीव्हीवरच्या बातम्या बघताना तोंडातून निघतो. पण या सगळ्यांत जड शब्द होता 'चूलबंद'.

आमच्या गावात लग्नाचं जेवण असलं की पत्रिका वगैरे नंतर. आधी एक आबा दारोदार फिरायचे, आवतन द्यायला. आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. त्याचे प्रकार असत. 'घरटी एक' म्हणजे घरातल्या एका माणसानं जेवायला यायचं. 'चूलबंद' म्हणजे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायचीच नाही. चूलबंद आवतन मिळालेल्या घराच्या धुराड्यातून धूर निघाला तर तो लग्नघराचा अपमान. तुमच्या अन्नाची आम्हाला गरज नाही, असं तोंडावर सांगितल्यासारखं.

आणि तिसरा एक प्रकार होता, तो आबांच्या तोंडी नसायचा. जे घर लग्नघराचंच मानलं जाई, त्याला आवतनच नसे. आपल्याच माणसांना कुणी आवतन देतं का? ज्यांच्या दारी आबा येत नसत, ते सगळ्यात जवळचे.

अक्काच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा आम्ही हे तिसऱ्या प्रकारातलं घर होतो. असं आम्हाला वाटत होतं, आणि का वाटू नये? गहू निवडायला आई, हळद दळायला आई. बट्ट्यांसाठी पीठ जाडं की बारीक यावर अक्का आणि आई दोघी भांडल्या, आणि आईचंच खरं झालं. माझ्या मैत्रिणीला आणि मला एकाच ताग्यातली झंपरं शिवली होती. आई आमच्या घरी फक्त झोपायला यायची, म्हणा ना.

लग्नाच्या दिवशी सकाळी आईनं चूल सारवली, तिच्यावर रांगोळीची दोन बोटं ओढली आणि ती तशीच थंड ठेवली. आम्हाला चहासुद्धा तिकडेच प्यायला पाठवणार होती. मी नवं झंपर घालून दारात उभी होते. तेवढ्यात आबा आळीतून आले. एकेक दार करत आले आणि आमच्याही दारासमोर थांबले.

"लगीनघरनं आवतन शे वं माय! घरटी एक!"

आई केसांना तेल लावत होती. तिचा हात तसाच राहिला. आबा अक्षता उंबऱ्यावर टाकून पुढे गेले. म्हाताऱ्या माणसाचं काय, त्याला सांगितलं तेवढं त्यानं केलं. मी आईकडे बघत होते. मला वाटलं, ती आता हसेल आणि म्हणेल, आबा चुकले. ती हसली नाही. आधी वेणी पूर्ण केली. मग उठली, देव्हाऱ्याजवळची काड्यापेटी घेतली आणि रांगोळी काढलेल्या चुलीत काडी ओढली.

पऱ्हाटीच्या काड्या कोरड्या होत्या, भसकन पेटल्या. धाब्यावरच्या धुराड्यातून धूर वर गेला असणार. मांडवात बसलेल्या प्रत्येकाला तो दिसला असणार. मी रडायला लागले. आई म्हणाली, "रडतेस कशाला? घरटी एक सांगितलंय. तुझे वडील जातील." माझ्यासमोर तिनं भाकरी थापली आणि मला खायला लावली. पलीकडून तुपातल्या बट्ट्यांचा आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा वास येत होता, आणि मी नवं झंपर घालून भाकरी-ठेचा खात होते. त्या वासाची आठवण झाली की अजून जीव तुटतो.

वडील एकटे जाऊन जेवून आले. आईनं विचारलं नाही, पण ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. कुणी काही बोललं का, कुणी आपल्याबद्दल विचारलं का, हे तिला हवं होतं. वडील पाटावर टेकले, ढेकर दिली आणि म्हणाले, "बट्टी झकास होती हो!" पुरुषमाणसं! त्यांना त्या क्षणी चुलीत घातलं असतं तरी आईचं पाप माफ झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं कोनाड्यापाशी जाऊन हाक मारली नाही. तिकडूनही हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग आईनं कोनाड्यात रॉकेलची चिमणी ठेवून दिली. पुढे एकदा मी ती उचलून पाहिलं, तर पलीकडून शेणमातीनं कोनाडा लिंपून टाकलेला होता. आधी कुणी बंद केला ते मला आजही सांगता येत नाही. गावात बोललं जाऊ लागलं की या दोन घरांत विस्तव जात नाही. लोक ते बोलायचे तेव्हा ते नुसतं बोलणं नव्हतं. खरंच जात नव्हता.

भांडण म्हणाल तर झालंच नाही. शिव्या नाहीत, वाद नाही. अक्का दिसली की आई पदर सावरून आत वळायची. अक्काही तशीच. दोघी मानी, दोघी नाकावर माशी बसू न देणाऱ्या. मी कुणाची मुलगी आहे ते यावरून ओळखा. मैत्रीण आणि मी शाळेत एकत्र बसायचो, पण घरी आलो की आपापल्या दारात. पुढे तिचं लग्न पिंपळनेरकडे झालं, माझं धुळ्यात. अक्का थोरल्या मुलाकडे सुरतेला गेली ती तिकडचीच झाली.

आईनं मरेपर्यंत चुलीला काडी ओढण्याआधी क्षणभर थांबायची सवय सोडली नाही. काडी हातात, आणि नजर भिंतीकडे. मी माहेरी गेले की ते बघायची आणि मला गलबलून यायचं. एकदा मी सरळ विचारलं, "आई, जाऊन बोलून का नाही टाकलंस तेव्हाच?" त्यावर ती गावच्या बोलीत, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तिनी एक डाव इचारं असतं, काबर उनी नही जेवाले, ते मी पयत जाती." एकदा तरी विचारलं असतं, का आली नाहीस जेवायला, तर मी पळत गेले असते. बस, इतकंच हवं होतं तिला. एक प्रश्न. तो न ऐकताच ती गेली, तेव्हा अक्का सुरतेला आजारी होती.

मेथीच्या त्या प्रसंगानंतर माझं मन काही ठिकाणावर येईना. सारखं ते घर डोळ्यांपुढे. आता ते घरही तसं राहिलेलं नाही. भावानं पाडून स्लॅबचं बांधलं. शेजाऱ्यांनीही बांधलं, पण त्यांनी मधे बोळ सोडला. ती एकच भिंत आता कुठेच नाही. मला ती भिंत हवी आहे, हो. हसायचं तर हसा. ती शेणानं लिंपलेली, धुरानं काळी पडलेली भिंत हवी आहे आणि तिच्यातून येणारा हात हवा आहे.

अशातच मैत्रिणीचा फोन आला. "माय गावले उनी शे. आते सुरतेले जाव्हाव नही म्हनस. आखाजीले तू येस ना?"

अक्का गावी परतली होती, आता सुरतेला जायचं नाही म्हणत होती. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आम्हा खानदेशच्या बायकांना दिवाळीपेक्षा आखाजीची ओढ. लेकींनी माहेरी यायचं, झोके घ्यायचे, गाणी म्हणायची. आणि त्याच दिवशी घरातून गेलेल्या माणसांसाठी पाण्यानं भरलेली घागर मांडायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवायचं. मग विस्तवावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. तो घास पेटला की गेलेलं माणूस जेवलं, असं आमच्यात धरतात. माझं वय आता घागर मांडण्याकडे झुकलेलं, झोक्याकडे नाही. तरी मी गेले.

सकाळी भावानं घागर भरली. वहिनी पुरणाच्या घाईत होती. मी म्हटलं, "मी जरा शेजारी जाऊन येते." वहिनीनं माझ्याकडे चमकून पाहिलं.

अक्का मागच्या पडवीत बसली होती. पुढे टाइल्स, फ्रीज, सगळं काही, पण मागे तिनं इथल्या धाकट्या मुलाला सांगून एक चूल घालून घेतली होती. अंघोळीचं पाणी तिच्यावर तापत होतं. अक्का वाळून गेली होती. हात मात्र तोच, गोंदण तेच. मैत्रीण तिच्या पाठीशी बसून तिचे केस विंचरत होती. मी पाया पडले.

"वळखं का वं माय?" मैत्रिणीनं विचारलं.

अक्कानं माझा हात धरला, तळवा उलटा करून बघितला, जणू त्यावर राख शोधत होती. म्हणाली, "इले नही वळखाव? रोज इस्तो लिसन जाये." रोज विस्तव घेऊन जाणारी मी तिच्या ध्यानात होते.

मग बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. सुरतेचा उकाडा, गुडघे, नातवंडं. मी मनात म्हणत होते, आता उठावं. तेवढ्यात अक्का माझ्याकडे न बघता, चुलीकडे बघत म्हणाली, "त्या रोजले तुनी माय जेवाले काबर उनी नही वं?"

ज्याची वाट बघत आई गेली तो प्रश्न माझ्यासमोर आला होता, आणि तो घ्यायला आई नव्हती.

"आबा दारी आले होते, अक्का," मी कसंबसं म्हटलं. "घरटी एक सांगून गेले."

मैत्रिणीचा कंगवा थांबला. अक्कानं मान माझ्याकडे वळवली. "तुमले आवतन?" तिचा आवाज चिरकला. "घरना मानसंसले कोनी आवतन धाडस का?"

मग अक्कानं आठवून सांगितलं तेव्हा उलगडलं. आबांना आळीची घरं अक्काच्या दिरानं सांगितली होती. तो परगावी राहणारा, लग्नापुरता आलेला. आळीला घरटी एक, सोयऱ्यांना चूलबंद, इतकं त्यानं सांगितलं. आमचं दार सोड, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण हे कुणाला सांगावं लागेल असं अक्काच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती मांडवात उभी राहून आईची वाट बघत होती. आई आली नाही. आमच्या धाब्यावरून धूर मात्र वर आला.

"बठ्ठासनी दखा," अक्का म्हणाली. सगळ्यांनी पाहिला. "मी म्हनं, इले मना घास जड व्हयना." हिला माझा घास जड झाला, असं तिनं धरलं होतं.

"अक्का, तुम्ही कधी विचारलं का नाहीत?"

"तिनी तरी काबर इचारं नही?"

मी सांगितलं, आई काडी ओढण्याआधी कशी थांबायची, भिंतीकडे कशी बघायची. अक्का ऐकत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती पुसत नव्हती. मैत्रिणीनं पुसायला पदर पुढे केला तर तिचा हात बाजूला सारला.

मग तिनं विचारलं, "मायले आगारी टाकी का?"

"अजून नाही. वहिनीचा स्वयंपाक होतोय."

"इस्तो कथाईन?"

"गॅसवर गोवरी पेटवतो, अक्का. आता चूल कुठे आहे आमच्याकडे!"

अक्का भिंतीला धरून उठली. लेक हात द्यायला गेली तर तिच्यावर खेकसली. खाली वाकली, चुलीशेजारचा गोवरीचा तुकडा उचलला, चिमट्यानं एक लाल खडा त्यावर ठेवला आणि माझ्यापुढे धरला. बांगड्या भरलेला, गोंदलेला हात.

"ले."

कोनाडा नव्हता, म्हणून मी बोळातून वळसा घालून गेले. पदराच्या आडोशानं, फुंकत, डोळ्यांत राख जाऊ देत. मैत्रीण मागून ओरडली, "येडी, हयू फुंक!" भाऊ दारात होता. माझ्या हातात काय आहे ते बघून तो बाजूला झाला. घागरीपुढे मी विस्तव ठेवला. भावानं तूप सोडलं, आईच्या नावानं घास टाकला. क्षणभर नुसताच धूर झाला, मग जाळ धरला. खिडकीतून धूर बाहेर गेला.

मी अंगणात आले तर पलीकडच्या ओट्यावर अक्का उभी होती, खांबाला धरून. आमच्या घरातून निघणाऱ्या धुराकडे बघत होती. मला पाहिल्यावर तिनं मोठ्यानं विचारलं, सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "जेवनी का वं तुनी माय?"

"जेवनी, अक्का," मी म्हटलं.